बारशाला सगळे, जागरणाला कोण?

मैत्रिणींनो, वृक्षारोपणाच्या कार्यक्रमाला तुम्ही कधी गेला आहात का? मी दोन वर्षांपूर्वी गेले होते. इथे छत्रपती संभाजीनगरात आमच्या कॉलनीला लागून मोकळी जागा आहे. जुलैत तिथे 60 रोपं लावली. मी अर्धवेळ शिकवते त्या शाळेतली मुलं आली, भाषणं झाली, फोटो निघाले, पेढेही वाटले. पुढच्या मे महिन्यात मोजली, तर जिवंत फक्त 9! एका मुलीनं विचारलं, "बाई, माझं झाड कुठंय?" तिला काय सांगणार?

दोष कुणा एकाचा नव्हता. पाणी दुसरा कुणीतरी घालील, असं प्रत्येकाला वाटलं. बाळाच्या बारशाला घर माणसांनी भरतं, रात्री जागायला मात्र आईच उरते. आमच्या रोपांना तर आईच ठरलेली नव्हती.

मग जिथे झाडं जगली, तिथली माहिती मी काढू लागले. आपल्याच शहरात 2017 साली प्रादेशिक सेनेची इको बटालियन उभी राहिली. त्यातले माजी सैनिक मराठवाड्यात झाडं लावतात आणि ती राखतातही. खाम नदीचं काम 2021 पासून महापालिका, छावणी परिषद, इकोसत्त्व ही संस्था आणि व्हेरॉक कंपनी मिळून करताहेत, नागरिकही हात लावतात. पुण्याच्या वारज्यात वनखात्याच्या सुमारे 40 एकर उजाड टेकडीवर लोकांनी, संस्थांनी मिळून वन उभं केलं. त्याचंच उदाहरण पुढे ठेवून केंद्र सरकारनं 2020 च्या पर्यावरण दिनी 'नगर वन' योजना जाहीर केली. ही कामं वाटून घेतलेली होती, हेच मला त्यात महत्त्वाचं वाटलं.

गेल्या पावसाळ्यात आम्ही 25 च रोपं लावली. कडुनिंब, करंज, बहावा, कांचन. गुलमोहर हवा म्हणून कुणीतरी हट्ट धरला होता. पण तो मूळचा मादागास्करचा. आपल्या उन्हाची, कमी पावसाची सवय असलेलीच झाडं घ्यायची, असं ठरलं.

पाण्यावरून घरात ठिणगी पडलीच. सासूबाई म्हणाल्या, "नळ रोज येत नाही, अन् ही निघाली झाडांना पाजायला!" त्यांचं काही चुकत नव्हतं. मग नळाच्या पाण्याला हात लावायचा नाही, असं ठरवलं. डाळ-तांदूळ, भाज्या धुतलेलं पाणी बादलीत साठवायचं. फिल्टरमधून वाया जाणारं पाणी थोडं खारट असतं, ते त्यातच मिसळून घालायचं. बुंध्यापासून जरा दूर गोल आळं करायचं आणि त्यावर चार बोटं पालापाचोळा पसरायचा, म्हणजे ओल टिकते. पाणी घालायचं ते संध्याकाळी.

जिन्यात पाळ्यांचा तक्ता लावला. पहिल्याच आठवड्यात पाहते, तर सातही दिवस बायकांचीच नावं! मी बैठकीत स्पष्टच म्हटलं, "फोटोत सगळे होतात ना, मग बादली उचलायलाही सगळे." क्षणभर कुणी बोललं नाही. ह्यांनीच आधी पेन घेतलं आणि रविवारपुढे स्वतःचं नाव लिहिलं. हळूहळू इतरांनीही लिहिलं. आणि गंमत अशी, की तक्त्याची सर्वांत कडक राखण सासूबाईच करतात! "आज वरच्या मजल्यावरून कुणी उतरलं नाही गं," असं मला दारातच ऐकायला मिळतं.

या मे महिन्यात मोजली. 25 पैकी 21 जिवंत आहेत. त्या मुलीला मी एक बहावा दाखवला. तिच्या कमरेलाही लागत नाही अजून. पण ती रोज येऊन पाहून जाते.

तेव्हा वृक्षारोपणाला जरूर जा, पेढाही खा. फक्त निघण्यापूर्वी एक विचारा, मे महिन्यात पाणी कोण घालणार? आणि उत्तर नावानिशी, वारानिशी लिहून घ्या.