व्हायवात अडकलेला गॅस

थर्ड इयरच्या सेमिनारला मी 'शेल गॅस' घेतला, कारण बाकीचे सोपे विषय हुशार मंडळींनी आधीच पळवले होते! नांदेडच्या होस्टेलवर रात्र जागून पीपीटी केली. टेक्सासचं बार्नेट शेल, जॉर्ज मिचेल यांची चिकाटी, प्रचंड दाबाने पाणी सोडून खडकाला भेगा पाडायचं तंत्र, १९९८ च्या सुमारास आलेलं यश... शेवटच्या स्लाइडवर मराठवाड्याचा नकाशा आणि खाली 'उज्ज्वल भविष्य'!

सर म्हणाले, "गाव कुठलं तुझं?"

"लातूर, सर."

"मग किल्लारीच्या बोअरचं वाच आणि परत ये."

वाचलं. १९९३ च्या भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी किल्लारीला ६१७ मीटर खोल बोअर घेतला होता. वर ३३८ मीटर बेसाल्ट, म्हणजे आपला काळा दगड. मग जेमतेम ८ मीटर गाळाचा थर आणि त्याखाली थेट जुनाट, टणक स्फटिकी खडक. शेल गॅस व्हायला सेंद्रिय गाळाचे जाड थर खोल गाडले जाऊन तापावे लागतात. इथे ते नाहीतच! आपल्याच गोदावरीच्या मुखाशी, आंध्रात, शेल आहे. खंबातला, कावेरी आणि दामोदर खोऱ्यातही आहे. २०११ मध्ये ओएनजीसीला दुर्गापूरजवळ शेलमधून गॅस मिळालाही. २०१३ मध्ये सरकारी धोरण आलं, पण व्यापारी उत्पादन काही सुरू झालं नाही.

"टेन्शन कशाला घ्यायलास बे? दुसरा टॉपिक घे की!" इति रूम पार्टनर.

पण मला भलतंच टोचत होतं. समजा, लातूरखाली शेल असतं तर? एका विहिरीत भेगा पाडायला दीड कोटी लिटरच्या आसपास पाणी लागतं. हा आकडा माझ्याच पीपीटीत होता, 'चॅलेंजेस'मध्ये एका ओळीत उरकलेला. २०१६ च्या उन्हाळ्यात मी पाचवीत होतो. मिरजेहून 'जलदूत' रेल्वे लातूरला पाणी आणायची. ५० वाघिणींची गाडी, २५ लाख लिटर. आईच्या मागे घागर घेऊन मी टँकरच्या रांगेत उभा असायचो. घागर अर्धी भरली की टँकर संपायचा, मग भांडणं. म्हणजे एका विहिरीला अशा सहा गाड्या! शिवाय शेलच्या विहिरीचा गॅस पहिल्या वर्षा-दोन वर्षांतच झपाट्याने उतरतो. मग नवी विहीर, परत पाणी. आणि हे उज्ज्वल भविष्य कोणी लिहिलं? रांगेत उभं राहिलेल्या पोरानं!

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा नकाशाच्या जागी सहा गाड्यांचं गणित होतं. सर बराच वेळ स्लाइड बघत राहिले. मग म्हणाले, "तुमच्या गल्लीत गाडीचं पाणी कितव्या दिवशी यायचं रे?" व्हायवा तिथेच राहिला. आम्ही दोघं पाण्यावरच बोलत बसलो.