झांकलेलें दुखणें

घरांत कोणाचें चित्त ठिकाणावर नसलें, कीं लोकलज्जेस्तव तें झांकण्याची आपल्याकडे रीत आहे. ती प्रसंगीं किती महाग पडते, हें आम्हांस कायद्याचें पुस्तक चाळतांना उमगलें.

१८४३ सालीं लंडनांत मॅक्नॉटन नांवाच्या इसमानें, पंतप्रधान पील हेच असें समजून, त्यांच्या चिटणिसावर गोळी झाडली, चिटणीस दगावला. भ्रमिष्ट म्हणून आरोपी निर्दोष ठरला, पण मोकळा झाला नाहीं. १८६५ सालीं मरेपर्यंत वेड्यांच्या इस्पितळांतच राहिला. त्या खटल्यामागून ठरलेलें तत्त्व १८६० च्या दंडसंहितेंत आलें. २०२४ पासून तें भारतीय न्याय संहितेच्या २२ व्या कलमांत आहे.

नुसतें वेड पुरत नाहीं. कृत्य करतेवेळीं बुद्धिभ्रंशामुळें त्याचें स्वरूप किंवा त्यांतील गैर कळत नव्हतें, हें आरोपीनें दाखवावें लागतें. मग न्यायाधीश पूर्वींच्या उपचारांचे कागद व आप्तेष्टांची साक्ष पाहतात. सारें झांकून ठेवणाऱ्या घरापाशीं त्या वेळीं काय असणार?

बहुतेक मनोरुग्णांच्या हातून गुन्हा घडत नाहीं, हें खरें. तरीहि वाचकांस आमची विनंती आहे, कीं दुखणेकऱ्यास वेळींच डॉक्टरांकडे न्यावें व औषधांच्या चिठ्ठ्या जपून ठेवाव्या. त्यांत घराण्याची अप्रतिष्ठा मुळींच नाहीं.