परीटघडी

मराठीत 'परीटघडी' असा एक देखणा शब्द आहे. परटाकडून नुकतेच आलेले, अजून घडी न मोडलेले वस्त्र. शब्द उच्चारताच कांजीचा वास येतो आणि कापडाचा करकरीतपणा बोटांना जाणवतो. मात्र हा शब्द कपाटातल्या वस्त्राचा आहे. प्रवासात परीटघडी टिकत नाही. ती टिकावी म्हणून माणसे नाना खटपटी करतात, आणि त्या माणसांत आमचीही गणना व्हायला हरकत नाही.

कोल्हापूरहून नागपूरच्या चर्चासत्रासाठी महाराष्ट्र एक्स्प्रेसने निघायचे ठरले, की आदल्या संध्याकाळीच आमची तयारी सुरू होते. मऊ सुती सदरे घडी न घालता गुंडाळायचे. गुंडाळीला कडा नसते, म्हणून चुणीला पाय रोवायला जागा मिळत नाही. कांजी केलेला सदरा मात्र गुंडाळीत मोडतो. त्याची घडीच घालायची, पण घडीच्या पोटात जुन्या धोतराचा मऊ तुकडा ठेवायचा. बॅग अर्धी रिकामी नको, आणि ठासून भरलेलीही नको. मुक्कामी पोहोचताच सदरा न्हाणीघरात गरम पाण्याच्या वाफेत टांगायचा, आणि मगच चहा मागवायचा.

वाफेने चुणी का जाते, हे आम्हांला आमच्या रसायनशास्त्राच्या सहकाऱ्यांनी समजावून सांगितले. कापूस म्हणजे सेल्युलोज. त्याच्या लांबलांब साखळ्या हायड्रोजन बंधांनी एकमेकींना धरून असतात. घामाचा ओलावा आणि अंगाची ऊब मिळाली की हे बंध सुटतात, आणि त्या वेळी कापड जसे दुमडलेले असेल तसेच पुन्हा जुळतात. वाफ आणि इस्त्री तेच बंध सोडवून पुन्हा सरळ जुळवून देतात. १९५० आणि १९६०च्या दशकांत न्यू ऑर्लिन्स येथील अमेरिकी कृषिखात्याच्या प्रयोगशाळेत रूथ बेनेरिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या साखळ्या रासायनिक दुव्यांनी कायमच्या जखडण्याच्या पद्धती विकसित केल्या, आणि इस्त्रीवाचून चालणारा सुती कपडा बाजारात रुळला. पण जखडलेला धागा ताण कमी सोसतो. न चुरगळणारे कापड त्या मानाने लवकर विरते. हे ऐकल्यापासून आम्ही तसा सदरा घेतलेला नाही.

आमचे वडील, अण्णा, प्राथमिक शिक्षक होते. घरात इस्त्री नव्हती. पितळी तांब्यात निखारे घालून ते सदऱ्यावरून फिरवीत आणि रात्री तो घडी करून गादीखाली ठेवीत. जिल्ह्याच्या गावी सभेला जाताना अंगात जुना सदरा असे. धुतलेला वर्तमानपत्रात गुंडाळून मांडीवर. स्टँडजवळच्या एका ओळखीच्या दुकानाच्या मागच्या खोलीत ते कपडे बदलीत आणि जणू शेजारच्या आळीतून आल्यासारखे सभेत जाऊन बसत. आपण किती लांबून, कशातून आलो, हे साहेबांना दिसू नये, एवढीच त्यांची धडपड असे. ती विद्या आम्ही उचलली. तिच्यामागचे भय मात्र सोयीस्करपणे विसरलो.

काही वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका महाविद्यालयात अधिव्याख्यात्याच्या मुलाखती होत्या. समितीवर आम्हीही होतो. एक उमेदवार आला, तो पाठीपासून बाह्यांपर्यंत चुरगळलेल्या सदऱ्यात. जनाबाईच्या अभंगांतले दळण आणि कांडण यांविषयी तो जे बोलला, ते त्या दिवसातले सर्वांत ताजे बोलणे होते. तरीही 'व्यक्तिमत्त्व' या रकान्यात आम्ही दहापैकी चार गुण लिहिले. मुलाखतीलाही धड इस्त्री करून येत नाही, असे मनात आले होते. तो गेल्यावर त्याचे पुस्तक टेबलावर राहिलेले दिसले. आत खूण म्हणून एसटीचे तिकीट होते: नांदेड ते पुणे, रातराणी, आदल्या रात्रीचे. रात्रभर बाकावर बसून आलेल्या त्या मुलाला या शहरात ओळखीचे दुकान नव्हते, मागची खोली नव्हती. आम्ही धावत जाऊन फाटकाशी त्याला पुस्तक दिले. त्याने 'थँक्यू सर' म्हटले. आम्ही परत आलो. चाराचा आकडा तसाच होता आणि तो आम्ही तसाच राहू दिला. निवड दुसऱ्याची झाली. त्या दुसऱ्याचा सदरा परीटघडीचा होता, आणि त्याचे घर महाविद्यालयाच्या मागच्याच गल्लीत होते.

चुणी हा वस्त्राचा दोष, असे आम्ही तोवर मानीत होतो. ती त्या माणसाने तोडलेल्या अंतराची नोंदही असते. आम्हां वाङ्मयाच्या शिक्षकांना ओळींमधले वाचायची सवय. पाठीवर उमटलेल्या ओळी मात्र आम्हांला वाचता आल्या नाहीत.

आजही आम्ही सदरे गुंडाळतो, वाफेत टांगतो. हाताची सवय सुटत नाही. मात्र आता कुणी चुरगळलेल्या कपड्यांत समोर येऊन बसला, की पेन हाती घेण्याआधी आम्ही त्याला विचारतो, "कुठून आलात? काल रात्री निघालात का?"