ताट वेगळं, पंगत एकच



सुट्टी लागली की सहली, लग्नं, गेट-टुगेदर सुरू होतात आणि प्रत्येक कार्यक्रमाची गाडी शेवटी जेवणावर येऊन थांबते. मी गेली पाच वर्षे व्हिगन आहे. म्हणजे मांस, मासे, अंडी तर नाहीतच, पण दूध, दही, ताक, लोणी, तूप, पनीर आणि मधही मी खात नाही. घरी हे अवघड जात नाही. खरी परीक्षा असते ती बाहेर, चारचौघांत. त्यातले काही अनुभव आज लिहितो आहे, कारण यातलं बरंचसं आपल्या वर्गालाही लागू पडतं.

शाकाहारी आणि व्हिगन यातला फरक

'व्हिगन' हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये तयार झाला. डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वर्षी 'व्हिगन सोसायटी' स्थापन केली. १ नोव्हेंबर हा दिवस जागतिक व्हिगन दिन म्हणून पाळला जातो. शब्द परका असला तरी त्यात बसणारे पदार्थ आपल्या घरचेच आहेत. ते पुढे सांगतोच.

आपल्याकडे पाकिटावरचा हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी. पण त्यात दूध, तूप चालतं. व्हिगन पदार्थांसाठी भारताच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने वेगळं चिन्ह ठरवलं आहे, मात्र एस.टी. स्टँडवरच्या दुकानात ते क्वचितच दिसतं. म्हणून मी पाकीट उलटं करून घटक वाचतो. बिस्किटात दूध पावडर असते, फरसाणाच्या एखाद्या प्रकारात तूप असतं. मुलांना पाकीट वाचायला शिकवायचं असेल तर हा चांगला पाठ आहे.

हॉटेलात विचारायचं कसं?

'शुद्ध शाकाहारी' अशी पाटी बघून मित्र आत शिरतात. माझं काम तिथून पुढे सुरू होतं. वेटरला 'मी व्हिगन आहे' असं सांगून उपयोग नसतो. तो बिचारा 'हो साहेब, प्युअर व्हेज आहे' म्हणतो आणि पनीरची भाजी सुचवतो. म्हणून मी सरळ मराठीत सांगतो, "दादा, दूध, दही, तूप, लोणी, मलई यातलं काही नको. भाजी तेलात करा, भाकरी कोरडी द्या." हे त्याला लगेच समजतं.

पदार्थाचं नाव विचारू नये, त्यात काय पडतं ते विचारावं, हा माझा नियम. डाळीला तुपाची फोडणी असते. नानच्या पिठात दही किंवा दूध असतं. पंजाबी ग्रेव्हीत मलई असते. मिसळीवर दही येतं, पाव बटरवर भाजून येतो. साबुदाण्याची खिचडी बहुधा तुपातली असते. डोसा चालतो, पण 'तव्यावर तूप नको, तेल' हे आधी सांगावं लागतं.

आता दुसरी बाजू बघा. झुणका-भाकर, वांग्याचं भरीत, मटकीची उसळ, कांदेपोहे, तेलावरचं थालीपीठ, ठेचा यात दुधाचा थेंब नाही. सिंहगडावर पिठलं-भाकरी आणि कांदाभजी मिळतात, त्यांच्यासोबतचं मडक्यातलं दही मित्राच्या वाट्याला जातं. तो खूश, मीही खूश! कोकणात तर मजाच आहे. तिथे दुधाची जागा नारळाने घेतली आहे. सोलकढी, काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळ्या, नारळाचा गूळ घातलेला रस आणि शिरवाळे. मालवणात एका खानावळीत मालकीणबाईंनी मला विचारलं, "मगे तुमका वेगळा काय करूचा?" खरंच, वेगळं काहीच करायचं नव्हतं.

मित्रांच्या ताटात काय आहे?

आम्ही पाच जण डी.एड.ला एकत्र होतो. आता चार जिल्ह्यांत विखुरलो आहोत, पण वर्षातून एकदा सहल ठरलेली. एकाला माशांशिवाय जेवण जात नाही. एकाचा गुरुवार असतो. एकाला शुगर आहे, त्यामुळे गोड बंद आणि जेवणाची वेळ पक्की. थोडक्यात काय, प्रत्येकाच्या ताटाला काही ना काही नियम आहे. गुरुवारवाल्याला आम्ही कधी 'एक दिवस सोड की' म्हणत नाही. उलट गाडी थांबवून त्याच्यासाठी केळी शोधतो. नियम पाळणाऱ्याला जागा करून देणं आपल्या पंगतीला पिढ्यान्‌पिढ्या येतं. नियम नवा असला की मात्र लोक थबकतात, थट्टा होते. "गवत खाणार का?" हे मी किती वेळा ऐकलंय, मोजलेलं नाही.

मीही काही गोष्टी पाळतो. दुसऱ्याच्या ताटाकडे बघून भाषण देत नाही. निघायच्या आधी जेवणाच्या जागी फोन करतो. पिशवीत शेंगदाणे, भडंग, खजूर ठेवतो, म्हणजे माझ्यामुळे कुणाला उपाशी फिरावं लागत नाही.

बासुंदीची वाटी

एक प्रसंग मात्र फोन आणि भडंगावर भागणारा नव्हता.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही कोल्हापूरला गेलो. सकाळी गंगावेशीतला दूध कट्टा पाहिला. तिथे म्हशी समोर उभ्या असतात आणि धारोष्ण दूध पेल्यात मिळतं. तिघांनी पेले रिकामे केले. मी बाजूला उभा राहून फोटो काढले.

दुपारी आमच्यातल्याच एका मित्राच्या गावी जेवण होतं. त्याच्या घरी चार म्हशी. डेअरीचं बिल दर दहा दिवसांनी यायचं आणि त्यातूनच त्याची डी.एड.ची फी भरली गेली होती. मी दूध खात नाही हे त्याने आईला सांगितलं होतं. काकूंना वाटलं, पोटाचं काही दुखणं असेल. पाच गुरुजी येणार म्हणून त्यांनी पहाटेपासून बासुंदी आटवली होती.

"घे की रं, घरचं हाय. पाण्याचा थेंब न्हाई त्यात."

"काकू, मी दुधाचं काहीच खात नाही."

"का रं? आमच्या म्हशीनं काय केलंय व्हय तुझं?"

सगळे हसले. मित्र हसला नाही. हळू आवाजात म्हणाला, "ह्याच दुधावर शिकलोय मी."

मी म्हणालो, "माहीत आहे मला. आणि काकू म्हशींचं किती जिवापाड करतात तेही बघतोय. तरी मी खात नाही. पण तुझ्या घरी पोटभर जेवायला मात्र आलोय."

काकूंनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग वाटी उचलून शेजारच्याच्या ताटात ठेवली आणि विचारलं, "खर्डा तेलातला हाय, चालतोय न्हवं?" खर्डा, ज्वारीची भाकरी, अख्खा मसूर. मी तीन भाकरी खाल्ल्या.

संध्याकाळी गोठ्यात उभे असताना मित्राने विचारलं, "सगळी तुझ्यासारखी झाली तर आमच्या घराचं काय?" जनावराला आपल्यासाठी त्रास नको, म्हणून मी दूध सोडलं. त्याच्या घराची चूल त्याच जनावरावर पेटते. या प्रश्नाचं एका वाक्यात उत्तर नाही, आणि मी तसं देण्याचा आवही आणला नाही. आम्ही बराच वेळ बोललो. चाऱ्याचे भाव, दुधाचे दर, रेडकाच्या वाट्याला येणारं दूध, सगळं निघालं. मतं जुळली नाहीत. सकाळी काकूंनी मला कोरा चहा दिला आणि वाटेसाठी भाकरी-खर्डा बांधून दिला. पुढच्या वर्षीच्या सहलीचा पहिला फोन त्याच मित्राचा होता.

आपल्या वर्गासाठी

२०२३ मध्ये महाराष्ट्रात पोषण आहारात अंडी देण्याचा निर्णय झाला, तेव्हा न खाणाऱ्या मुलांसाठी केळं होतं. एकाच ओळीत अंडंवाला आणि केळंवाला शेजारी बसले की चिडवाचिडवी दोन्ही बाजूंनी होते. 'शी, अंडं खातो' हेही आणि 'हा केळंवाला' हेही. तिथे गुरुजींनी थांबून दोन वाक्यं बोलणं गरजेचं असतं. कोणी काय खातो यावरून कोणी मोठा-लहान ठरत नाही, हे पुस्तकातल्या धड्यापेक्षा त्या ओळीत लवकर समजतं. ज्या मुलाला दूध पचत नाही, ज्याला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, त्याच्यासाठी तर हा तब्येतीचा प्रश्न आहे.

पालकांसाठी एक गोष्ट सांगतो. मूल 'मी दूध सोडतो' म्हणालं तर रागावू नका आणि लगेच होही म्हणू नका. आधी डॉक्टरांशी बोला. व्हिगन आहारातून बी-१२ जीवनसत्त्व पुरेसं मिळत नाही, ते वेगळं घ्यावं लागतं. मी स्वतः घेतो. कॅल्शियमसाठी नाचणी, तीळ, पालेभाज्या रोजच्या जेवणात हव्यात. वाढत्या वयात हे अंदाजाने करायचं काम नाही.

आमच्या शाळेत सहलीच्या संमतीपत्रावर आता एक ओळ जास्त असते : 'तुमचे मूल काय खात नाही?' उत्तरांची यादी सहलीच्या दोन दिवस आधी जेवण देणाऱ्यांकडे पोचते. मागच्या सहलीत पंचेचाळीस मुलांपैकी सात जणांच्या नावापुढे काहीतरी लिहिलेलं होतं. सातही जण सगळ्यांबरोबर, एकाच पंगतीत जेवले.