नाशिकची थिएटरं आणि आमच्या घरच्या बायका

नाशिक आणि सिनेमा म्हटलं की लोक दादासाहेब फाळक्यांचं नाव घेतात, आणि ते बरोबरच आहे. त्यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वरला झाला. पुढे मुंबई सोडून त्यांनी आपला सगळा पसारा नाशकात आणला, १९१७ चा 'लंकादहन' इथेच तयार केला आणि १९४४ साली डोळे मिटले तेही याच शहरात. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, शाळांच्या सहली तिथे जातात. पण ज्या अंधाऱ्या हॉलमध्ये बसून आपण पिक्चर पाहिले, त्यांची गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. त्यातही तिथे बसलेल्या बायकांची तर नाहीच.

विजयानंद थिएटर इतिहासात आहे ते वेगळ्या कारणाने. २१ डिसेंबर १९०९ ला तिथे कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरेने गोळ्या झाडल्या. नाटक कुठलं होतं? देवलांचं 'शारदा'. म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला निघालेल्या कोवळ्या पोरीचं नाटक. गोळीबार सगळ्यांच्या लक्षात राहिला, शारदेचं दुःख कोण आठवतो? पण लग्नात बाईचं काय होतं हे नाशकात तेव्हाही भर सभागृहात बोललं जात होतं, हे मला फार मोलाचं वाटतं.

आमच्या लहानपणी सर्कल, मधुकर, चित्रमंदिर, दामोदर, हेमलता अशी थिएटरं होती. पुणे रोडला विजय-ममता. आमचं घर जुन्या नाशकात. दादांना सिनेमा अजिबात पसंत नव्हता. पैसा, वेळ आणि नजर तिन्ही वाया, असं ते म्हणत. तरी ईदच्या दुसऱ्या दिवशी घरातली पोरं नव्या कपड्यांत तिकिटाच्या रांगेत असत, आणि दादा त्या दिवशी कुणाला काही विचारत नसत. नवा पिक्चर लागायचा जुम्याच्याच दिवशी. मशिदीतून निघालेली काही पावलं थेट थिएटरकडे वळत, हेही खरं.

बायकांचा शो तीनचा. जोहर पढून निघायचं, मगरिबच्या सुमारास घरी. बुरखे घातलेल्या पाच-सहा जणी, कडेवर पोरं, पिशवीत घरचे शेंगदाणे. दादीची तक्रार एवढीच, की असर कजा होते. बाकी पिक्चर बरा की वाईट यावर ती बोलत नसे. अम्मी आणि चाची यांना बाल्कनी लागायची, कारण मागे कुणी बसत नाही आणि नकाब वर करता येतो. तीन तास कुणी चहा मागत नाही, ही चैन त्यांना घरात मिळत नव्हती.

'निकाह' आला १९८२ मध्ये. त्याच्या आधीच्या वर्षी माझी फुफी माहेरी परत आली होती. रागाच्या भरात तीन शब्द आणि संपलं. मेहरचा एक पैसा हातात नव्हता, आणि घरात तो विषय कुणी काढत नव्हतं, जणू तो बोलणंच बेअदबी. अम्मी तिला सोबत घेऊन गेली. पिक्चरमध्ये निलोफरचा पहिला नवरा तिला तलाक देतो, दुसरा मोठेपणा दाखवत पहिल्याकडे परत पाठवायला निघतो, आणि ती दोघांनाही ऐकवते. हॉलमध्ये तेव्हा नाक ओढल्याचे आवाज येत होते. फुफी मात्र रडली नाही.

रात्री दस्तरखान उचलताना ती दादांना म्हणाली, "अब्बा, मेरा मेहर कहाँ है?"

पिक्चर पाहून बायका बिघडतात, असं चाचा पुटपुटले. दादांनी त्यांना गप्प केलं. ते दीनदार माणूस होते. मेहर हा बाईचा हक्क आहे आणि सूरह निसामध्ये त्याचा हुकूम आहे, हे त्यांना कुठल्याही पिक्चरने शिकवायची गरज नव्हती. फक्त विचारणारं कुणी नव्हतं. पुढच्या जुम्याला नमाजनंतर ते जमातीतल्या दोन वडीलधाऱ्यांना घेऊन फुफीच्या सासरी गेले. चार चकरा झाल्या. सगळी रक्कम आली नाही, निम्म्याहून थोडी जास्त आली. त्यातून शिलाई मशीन घेतलं. फुफीने पुढची वीस-बावीस वर्षं मोहल्ल्यातल्या लग्नांचे शरारे आणि ब्लाउज शिवले, आणि कापड द्यायला आलेल्या प्रत्येक नवरीच्या आईला मेहर किती ठरला हे ती तोंडावर विचारत असे. काहींना ते आवडत नसे. त्या दुसऱ्या टेलरकडे जात.

मग व्हिडिओ आला, त्यामागून केबल. बायकांचं थिएटरला जाणं आधी कमी झालं, नंतर बंद. पिक्चर घरात आल्याने सोय झाली असं म्हणतात. मला तसं वाटत नाही. घरात पिक्चर चालू असताना चहा मागणारेही घरातच असतात. एक पडद्याची थिएटरं एकेक करून मागे पडली, मल्टिप्लेक्स आले. तिथलं एक तिकीट आणि मक्याच्या लाह्या यांत आमच्या अम्मीच्या वेळी अख्खी बाल्कनी पिक्चर पाहून आली असती.

फुफी आता सत्तरीच्या पुढे आहे. मागच्या ईदला नातीने मोबाइलवर 'निकाह' लावून दिला. तिने शेवटचा भाग तेवढा पाहिला, चष्मा काढला आणि म्हणाली, "इतक्या छोट्या पडद्यावर ही बाई एवढं मोठ्याने का ओरडतेय?"