क्रोम आणि किटल्या

गाडीच्या मागच्या बाजूला, साडीगार्डच्या जरा वर, दोन्हीकडे एकेक लोखंडी हुक वेल्डिंग करून बसवलेला होता. करंगळीएवढ्या जाड सळईचा. बाहेरून गंजलेला, पण आतल्या वाकणात घासून घासून चकचकीत. वाईहून धोमकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, गोठ्यापुढच्या अंगणात ती बजाज अ‍ॅव्हेंजर क्रूझ उभी होती. पुढे उंच काच, तारांची चाकं, मागे रेलायला गादी, जिथे तिथे क्रोम. आणि त्या सगळ्या थाटामागे हे दुधाच्या किटल्यांचे हुक.

"ते काढून देतो की, काका," पोरगा म्हणाला. "कटर मारला की दोन मिनटांचं काम."

मी त्याला थांब म्हटलं. मी क्रूझर बघायला आलो होतो आणि नजर हुकांवरून हलत नव्हती.

तसं पाहिलं तर ही गाडी वयाने काही फार नाही. 2001 साली बजाजने कावासाकीच्या साथीने एलिमिनेटर आणली. तिचीच अंगकाठी घेऊन 2005 मध्ये अ‍ॅव्हेंजर आली, आणि 2015 मध्ये काच, क्रोम चढवून तिची ही क्रूझ झाली. वय पोरसवदा, चेहरा मात्र अमेरिकेतल्या कुठल्याशा जुन्या, सरळसोट, न संपणाऱ्या रस्त्यावरचा. आमच्या भागात त्या काळी असली गाडी होती कुणाकडे? आमचा खराखुरा भूतकाळ येझदीचा, राजदूतचा, फौजदाराच्या बुलेटचा. ही आठवण उसनी आहे. मिलवॉकीत 1903 साली सुरू झालेल्या हार्लेने ती घडवली, 1969च्या 'ईझी रायडर'ने ती जगभर पोचवली, आणि जपानमार्गे ती बजाजच्या कारखान्यात येऊन उतरली.

उसन्या आठवणींचं मला वावडं नाही. पण शोरूममध्ये उभी असलेली, जुन्या तोंडवळ्याची कोरी गाडी मला नाटकातल्या पांढऱ्या दाढीसारखी वाटते. डिंकाचा वास येतो. मात्र तीच दाढी लावून एखादा नट गावात राहिला, उन्हातान्हात हिंडला आणि दाढीखाली त्याची स्वतःची दाढी पिकली तर? मग ओढून कुठली बघायची? म्हणून मला घ्यायची तर वापरलेलीच घ्यायची होती. घरच्यांना मी कारण पैशाचं सांगितलं. ते चटकन पटतं.

बरोबर मिस्त्रीला नेलं होतं. त्याने नमस्कार-चमत्कार काही केले नाहीत. आधी वाकून इंजिनला हाताची मागची बाजू लावली. गार. म्हणजे गिऱ्हाईक यायच्या आधी गुपचूप तापवून ठेवलेली नाही. मग टायरवरचे चार आकडे वाचले, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. मीटरकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही, ब्रेकच्या पायडलचं रबर मात्र अंगठ्याने चाचपलं. मीटर फिरवता येतो, रबर कोण घासत बसणार? पुढचा ब्रेक दाबून गाडी मागेपुढे हलवली, कोनसेट बघितला. स्टार्टर मारून सायलेन्सरच्या तोंडाशी तळवा धरला, वास घेतला आणि पँटला हात पुसला.

"इंजिन उघडलेलं नाही. चेनसेट लागेल. पुढच्या शॉकपचं सील गळतंय."

"लय जपलीय, काका," पोरगा म्हणाला. "फक्त सकाळ-संध्याकाळ डेअरीपर्यंत. बाकी कुठं न्हेतोय?"

सेकंड हँड म्हटलं की आज आपल्या तोंडी भाव पाडायची भाषा येते. माझ्या लहानपणी ती चढवायची होती. स्कूटरचा नंबर लावायचा, पैसे भरायचे आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. परमिटच्या त्या जमान्यात पोरगं शाळेत घालताना लावलेला नंबर त्याच्या मॅट्रिकला लागला तरी लोक पेढे वाटायचे. त्यामुळे वापरलेली स्कूटर कोऱ्या स्कूटरहून महाग विकली जायची. आमचं तर आणखी विचित्र होतं. आम्ही साताऱ्यात राहायचो आणि स्कूटर साताऱ्यातच बनायची. 1975 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्सचा कारखाना इथल्या एमआयडीसीत. तिथे तयार होणाऱ्या स्कूटरचं नाव प्रिया. ट्रकवर उभ्या बांधलेल्या, पिवळ्या, निळ्या, पोपटी प्रिया आमच्या डोळ्यांदेखत गावाबाहेर जायच्या आणि वडील सायकलवर एक पाय टेकून ट्रक पुढे जाऊ द्यायचे.

शेवटी त्यांनी शाळेतल्या एका सहकाऱ्याची वापरलेली प्रिया घेतली, कंपनीच्या किमतीवर चांगली घसघशीत रक्कम मोजून. आईने वहीत दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिले आणि वही वडिलांपुढे सरकवली. "वापरलेली वस्तू नव्यापेक्षा महाग कशी हो?"

"ही आज मिळतेय," वडील म्हणाले.

ती प्रिया रोज सकाळी उजवीकडे तिरकी करावी लागे. पेट्रोल खाली उतरायला, असं सगळे म्हणायचे. अख्खा महाराष्ट्र रोज सकाळी नऊच्या सुमाराला स्कूटरी तिरक्या करायचा. मग किक. मग आणखी किक. मग प्लग काढून पॉलिश पेपरने घासायचा आणि त्याच्यावर फुंकर घालायची. पेट्रोलपंपावर पेट्रोलबरोबर टूटी ऑइल घालायचं, त्याचा निळसर धूर आणि गोडसर वास वडिलांच्या सदऱ्यालाच नव्हे, तर त्यांनी तपासून आणलेल्या पेपरांच्या गठ्ठ्यालाही यायचा. पण त्या गाडीचं खरं वैभव होतं पायाशी. सपाट, रबर घातलेली ती मोकळी जागा. दळणाचा डबा तिथे. गॅसचं सिलिंडर तिथे. दिवाळीच्या आधी चुन्याची पिशवी तिथे. आणि जागा उरली तर मी तिथे, हँडलला धरून उभा, वडिलांच्या हनुवटीखाली. हिंदुस्थानी कुटुंबाचा विचार करून कुणी काही बनवलं असेल तर ते स्कूटरचं फूटबोर्ड, असं माझं मत आहे. मूळ आराखडा इटलीचा असला म्हणून काय झालं!

वडील तिच्यावर वर्गात बसल्यासारखेच बसायचे. पाठ ताठ, गुडघे जुळलेले, कोपरं अंगाशी. वाहनावर रेलून बसणं त्यांच्या पिढीतल्या मास्तरांना मानवलंच नसतं. बुलेटवाला ताठ बसतो तो रुबाबाने, स्कूटरवाला ताठ बसायचा तो मागे बायको, पुढे पोर आणि मध्ये डबा असल्यामुळे. लोडाला टेकून बसायचं ते घरी, तेही पाहुणे गेल्यावर.

आणि क्रूझरवर तर रेलावंच लागतं. धोमच्या रस्त्यावर मी ती चालवून बघितली तेव्हा पहिल्यांदा पायच सापडेनात. सवयीने खाली शोधले, ते पुढे होते. सीट इतकी खाली की दोन्ही तळपाय जमिनीला सपाट टेकले. माझ्यासारख्या बेताच्या उंचीच्या माणसाला हे सुख बुलेटने कधी दिलं नसतं. हात पसरलेले, पाठ मागे, छाती वाऱ्याला उघडी. मनात आलं, वडिलांनी हे बघितलं असतं तर म्हणाले असते, नीट बस. दोन चाकांमध्ये जवळजवळ दीड मीटर अंतर, त्यामुळे सरळ रस्त्यावर गाडी पाळण्यासारखी शांत. पण सरळ रस्ता आमच्याकडे आहे कुठे? वाईतून बाहेर पडलं की पसरणीचा घाट, इकडे यवतेश्वर, तिकडे खंबाटकी. वळणावर ही बाई लवकर वाकत नाही. तिला आधी समजावून सांगावं लागतं. मला ते आवडलं. पटकन वळणाऱ्या गाड्यांना वयाच्या विशीत शोभा असते.

परत आलो तेव्हा पोरग्याच्या आईने चहा ठेवला होता. तो सांगत होता, गाडी घेतली तेव्हा गोव्याला जायचं ठरलं होतं, मित्रांबरोबर. गाडी आली, त्याच महिन्यात म्हशी वाढवल्या. मग हुक आले. मग लग्न. आता पोरगी झालीय.

"मग आता कुठली घेताय?"

"चेतक. बॅटरीची." त्याने बशीतला चहा संपवला. "पायात मोकळी जागा आहे ना तिला. क्यान बसतोय, उद्या पोरगी बी उभी राहील."

2020 साली परत आलेली चेतकही जुन्या तोंडवळ्याचीच आहे, हे मी त्याला सांगितलं नाही. त्याने मूळची चेतक बघितलेली नव्हती. त्याला ती नवीच होती.

व्यवहार फार ताणला नाही. सीलचे आणि चेनसेटचे पैसे वजा झाले, टोकन दिलं, हुकांचा विषय निघाला नाही. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं साताऱ्याच्या आरटीओबाहेर, एजंटच्या टपरीपुढे. फॉर्म 29, फॉर्म 30, आधार, पीयूसी. एजंटने चेसिस नंबरवर पातळ कागद ठेवला आणि वरून पेन्सिलची आडवी बाजू घासायला लागला. एकेक अक्षर, एकेक आकडा पांढरा उमटत गेला. लहानपणी आम्ही नाण्याचे छाप काढायचो तेव्हा जेवढं मन लावायचो, तेवढंच मन लावून चाललं होतं.

"सर, तुमच्या नावावर का?" त्याने मान वर न करता विचारलं. मी हो म्हटलं.

"ॲव्हरेज किती देते?"

"पस्तीसच्या आसपास."

त्याने पहिल्यांदाच वर पाहिलं, आधी माझ्याकडे, मग टपरीला लावलेल्या स्वतःच्या स्प्लेंडरकडे. कागद फॉर्मला डकवला, सही कुठे करायची तिथे पेन्सिलने फुल्या मारल्या आणि पुढच्या माणसाला हाक मारली.