पद्मिनीचा रंग

आमच्या अंगणात १९८१ सालची प्रीमियर पद्मिनी उभी आहे. नंबर लावून दीर्घकाळ वाट पाहिल्यावर ती वडिलांच्या दारी आली होती. रामटेकच्या शांतिनाथ भगवंतांचे दर्शन, मुक्तागिरीची वंदना, धाकट्या बहिणीची पाठवणी हे सारे तिच्याच साक्षीने झाले. ती बनविणाऱ्या कंपनीचा पाया १९४४ मध्ये घालणारे शेठ वालचंद हिराचंद हे सोलापूरचे, आपल्याच समाजातले, हे वडील पाहुण्यांना आवर्जून सांगत. कुर्ल्याच्या कारखान्यातील त्या फिकट निळ्या गाडीविषयी त्यांना कुटुंबातील व्यक्तीइतकी माया होती.

वडील गेले, गाडी राहिली. नागपूरच्या उन्हाने तिचा रंग पिठासारखा हातास लागू लागला आणि दारांच्या खालच्या कडांना गंजाचे फोड आले. निवृत्तीनंतर हाती वेळ होता. घरच्या अंगणात, स्वतःच्या हातांनी गाडी रंगवावी असे मी ठरविले. भाड्याने कॉम्प्रेसर मिळत होता. प्रश्न एकच होता, रंग कोणता घ्यावा?

कारखान्यात गाडीचा रंग भट्टीत तापवून पक्का करतात. घरी ती सोय नसते, त्यामुळे माझ्यापुढे तीन पर्याय होते. पहिला सिंथेटिक इनॅमल. तो स्वस्त असतो, पण तासन् तास ओला राहतो आणि तेवढ्या वेळात धूळ व चिलटे त्याला चिकटतात. दुसरा एन.सी., ज्याला आपल्याकडे ‘ड्यूको’ म्हणतात. कापसाच्या वा लाकडाच्या सेल्युलोजपासून बनणारा हा रंग थिनर उडताच काही मिनिटांत वरवर सुकतो. मात्र त्याचे पुष्कळ थर द्यावे लागतात आणि चमक घासून काढावी लागते. तिसरा दोन डब्यांचा पी.यू. त्यात हार्डनर मिसळताच रासायनिक क्रिया होऊन काचेसारखा कठीण, चकचकीत थर तयार होतो आणि तो वर्षानुवर्षे टिकतो.

मला चमक हवी होती. मी पी.यू. घेऊन आलो.

बारीक अक्षरांतील अटी वाचणे हा बँकेतील नोकरीने लावलेला गुण. त्या रात्री मी हार्डनरच्या डब्यावरील मजकूर वाचला आणि मग त्याविषयी मिळेल तेवढे वाचले. त्यात आयसोसायनेट नावाची द्रव्ये असतात. फवाऱ्यातून ती श्वासात गेली तर निरोगी माणसालाही दमा जडू शकतो आणि एकदा शरीर संवेदनशील झाले की अत्यल्प मात्राही पुरते. त्यांचा वास फारसा जाणवत नाही, म्हणून नाक सावध करीत नाही. साधा धुळीचा मास्क येथे निरुपयोगी असतो. बंदिस्त बूथमध्ये काम करणारे कारागीर नळीतून बाहेरची स्वच्छ हवा पुरविणारा मुखवटा लावतात.

माझ्या पत्नीला वीस वर्षांपासून दमा आहे. सकाळी चहाच्या वेळी मी तिला सारे सांगितले. ती शांतपणे म्हणाली, “अहो, मग मी चार-सहा दिवस ताईंकडे जाऊन राहते. तुमची हौस होऊ द्या.”

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणूनच ते अधिक लागले. एका वस्तूसाठी घरातल्या माणसाने घराबाहेर जावे, आणि ते तिला स्वाभाविक वाटावे! ती ताईंकडे जाईल, पण भिंतीपलीकडचे शेजाऱ्यांचे बाळ कोठे जाणार? कुंपणावरील पाण्याच्या भांड्यावर येणारी पाखरे कोठे जाणार?

श्रावकाच्या व्रतांत अनर्थदंडविरती आहे. घरसंसार चालविताना आरंभी हिंसा पूर्णपणे टळत नाही, परंतु निष्प्रयोजन हिंसा टाळता येते आणि टाळलीच पाहिजे. गाडी गंजू नये हे प्रयोजन झाले. ती आरशासारखी दिसावी आणि त्यासाठी कोणाचा श्वास पणाला लागावा, हे मला प्रयोजनात बसविता येईना. परिग्रहाचे परिमाण वस्तूंच्या संख्येने ठरते, असे मी आजवर मानीत आलो होतो. एकाच वस्तूची ओढही परिमाणाबाहेर जाऊ शकते, हे त्या सकाळी कळले.

न उघडलेले डबे मी परत केले. पी.यू. मारायचाच असेल तर तो बूथ असलेल्या कार्यशाळेतच मारून घ्यावा, असे माझे मत झाले. मी ड्यूको निवडला.

महालातील एका वृद्ध रंगाऱ्याला सल्ला विचारला. ते म्हणाले, “साहेब, आधी गाडीले विचारा, मंग मले.” त्यांनी डिकीच्या आतल्या कडेला थिनरचा बोळा टेकवला. रंग विरघळून बोळ्यास लागला असता तर तो ड्यूको, काहीच न होता तर भट्टीचा. आमचा रंग सुरकुतला. म्हणजे मध्यंतरी कोणीतरी सिंथेटिक मारला होता. त्यावर थेट ड्यूको मारला असता तर त्यातील थिनरने खालचा थर उचलून धरला असता. जुना रंग पत्र्यापर्यंत उतरविणे भाग होते.

ते काम मला दोन महिने पुरले. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून कोरडे घासले नाही. पाणी लावून वॉटर पेपरने घासले आणि निघालेला गाळ गटारात न सोडता गोळा केला. डॅशबोर्डमागे, उन्हापासून वाचलेला मूळ निळा रंग सापडला. त्यावरूनच छटा जुळविली. नोंदणीपुस्तकातही तोच रंग असल्याने आरटीओचा प्रश्न उरला नाही.

पावसाळी दमट हवेत ड्यूकोवर पांढुरकी झाक येते, तर उन्हाळ्यात फवारा पत्र्यावर बसण्यापूर्वीच सुकून पृष्ठभाग खरखरीत होतो. म्हणून जानेवारीचा शेवट निवडला. दिव्याभोवती कीटक जमतात, त्यामुळे रात्री काम केले नाही. ड्यूकोही निरुपद्रवी नाही. थिनरची वाफ छातीला त्रासदायक असते आणि ठिणगी पडताच पेट घेते. पत्नी सकाळी इतवारीच्या मंदिरात पूजेला जाई, तेवढ्या दोन तासांतच मी कोळशाच्या डबीचा मास्क लावून काम करी. त्यापूर्वी खिडक्या बंद करी, देवघरातील निरांजन शांत झाल्याची खात्री करी आणि शेजाऱ्यांना कळवी. पाखरांचे भांडे घराच्या मागे नेऊन ठेवी.

पद्मिनी आता निळी आहे, मात्र आरशासारखी नाही. उन्हात हा रंग पुन्हा मंदावेल, तेव्हा पॉलिश करावे लागेल. उजव्या दाराशी रंगाचा एक ओघळ राहिला आहे, तो मी घासून काढलेला नाही.

काम संपल्यावर आम्ही दोघे रामटेकला जाऊन आलो. परतताना पत्नी म्हणाली, “बाबांच्या वेळचाच रंग वाटतो.” तिने काच खाली केली होती आणि ती मोकळा श्वास घेत होती.